आईच्या रकान्यातली नावं

मी पोटापाण्यासाठी काय करायचो, हे माझ्या सासुरवाडीत मला आजवर नीट सांगता आलेलं नाही. "जावई कॉम्प्युटरमध्ये आहेत" एवढ्यावर गाडी थांबते आणि लगेच कुणीतरी मोबाइल पुढं करतं, "बघा बरं, ह्याचा आवाजच येऊन नाही राह्यला." मी बघतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. जालन्यातल्या एका बियाण्यांच्या कंपनीत मी एकवीस वर्षं डेटाबेसचे सर्व्हर सांभाळले आणि मागच्या वर्षी निवृत्त झालो. या अंकवाल्यांनी "जाधव, कामातल्या गमती लिहा" म्हणून पिच्छा पुरवला. गमती आहेत, नाही असं नाही. पण कागद पुढं घेतल्यावर जे मनात आलं ते गमतीचं नाही. दोन गमती सांगतो आणि मग ते सांगतो.

डेटाबेस म्हणजे तक्ते. शाळेतल्या हजेरीपटासारखे, उभे रकाने, आडव्या ओळी. आमच्याकडं एक तक्ता वाणांचा, एक पाकिटांचा, एक शेतातल्या चाचण्यांचा, असे कितीतरी. हे तक्ते एकमेकांना धरून असतात आणि त्या धरण्याला आमच्यात खरोखरच नातं म्हणतात. पाकिटाचं नातं वाणाशी, वाणाचं नातं ज्यांच्या संकरातून ते झालं त्या आईबापाशी. माझं काम एवढंच की हा सगळा पसारा ज्या मशीनवर चालतो तिची तब्येत बघायची. सकाळी बदनापूरहून गाडीनं आलो की चहाच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं तसं विचारत जायचं. जागा किती उरली? ताप चढला नाही ना? कालच्या माहितीची नक्कल निघाली का? कुठलं काम तासभर अडकून बसलंय? सगळं बरोबर असलं की पडद्यावर हिरवे ठिपके दिसायचे आणि मी चहाला मोकळा.

अडकण्याचा एक किस्सा. ऐन मे महिन्यात, बियाण्याच्या गाड्या आवारात रांगेनं उभ्या असताना, एक दिवस सगळ्यांचे कॉम्प्युटर जागच्या जागी थिजले. मॅनेजर माझ्या डोक्यावर येऊन उभे. मी शोधत शोधत गेलो तर गाड्यांचे गेटपास बनवणाऱ्या एका काकांनी एक नोंद दुरुस्तीला उघडली होती आणि ती तशीच उघडी टाकून ते सहकुटुंब जांब समर्थला दर्शनाला गेले होते. एकानं नोंद धरून ठेवली की तो सोडेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं, असा मशीनचा नियम. अख्खी कंपनी काकांसाठी थांबली होती. मी फोन लावला, तर मागं घंटांचा आवाज. "काका, नोंद उघडी ठेवून गेलात." काका म्हणाले, "उघडी कशी? कुलूप लावून आल्तो की मी खोलीला!"

दुसरं म्हणजे आमची अमावस्या. मशीनची मोठी साफसफाई करायची तर काम बंद पाहिजे, आणि आमच्याकडं हक्काचा बंद म्हणजे अमावस्या. मोंढा, म्हणजे धान्यबाजार, बंद, हमाल सुट्टीवर, गाड्या भरत नाहीत. पुण्याहून एक शिकलासवरलेला साहेब आला होता. तो विचारायला लागला, देखभालीचं वेळापत्रक कुठाय? मी त्याच्यापुढं भिंतीवरचं कॅलेंडर धरलं आणि काळे गोल दाखवले. एकवीस वर्षं मी दर अमावस्येला दिवसाउजेडी सर्व्हर धुतलापुसला. लोक म्हणायचे, अमावस्येला नवं काही करू नये. मी म्हणायचो, मी नवं कुठं करतो, जुनंच झाडतो.

तर हे झाडणं. त्याच्यावरच यायचं आहे मला.

आमच्याकडं साळवे सर होते, ज्वारीचे ब्रीडर, म्हणजे नवं वाण तयार करणारे. माणूस उंच, उन्हानं करपलेला, बोलणं हळू. सरांचा निम्मा जन्म जिल्ह्यातल्या गावागावांतून फिरण्यात गेला. कुठल्या घरात कसलं जुनं बी आहे, हे त्यांना घरातल्या कर्त्या माणसाच्या आधी ठाऊक असायचं. कारण ते कर्त्या माणसाला विचारायचेच नाहीत, सरळ चुलीपाशी जाऊन बाईला विचारायचे. आणलेलं बी चिमुकल्या पाकिटांत नंबर टाकून कोल्ड स्टोअरमध्ये जायचं आणि त्याचा सगळा इतिहास सरांच्या वह्यांत. छत्तीस वह्या होत्या.

त्या वह्यांच्या मागं मीच लागलो होतो. "सर, वाळवी लागली, पाणी पडलं तर काय कराल? मशीनमध्ये भरा. माझ्या सर्व्हरला काही होत नाही." दोन वर्षं शेतातल्या ऑफिसात बसून त्यांनी ऑपरेटरकडून सगळं भरून घेतलं. पुढं ऑफिस बदललं तेव्हा त्यांनी विचारलं, "जाधव, वह्यांचं काय करू? ठेवू का?" मी म्हटलं, "कशाला अडगळ?" वह्या रद्दीत गेल्या. माझा रुबाबच तसा होता तेव्हा.

सर निवृत्त झाले, पण अधूनमधून चाचण्या बघायला यायचे. राहायला माझ्याच गावात, बदनापुरात. स्टेशनला जाताना त्यांच्या गल्लीवरून जायचो मी. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण ते माझ्याविरुद्ध आहे.

मग नवा सर्व्हर आला. जुन्यातलं सगळं नव्यात न्यायचं होतं, आणि नव्यात मी नियम कडक करायचं ठरवलं. वाणांच्या तक्त्यात एक रकाना आईचा. त्यात आईचा नंबर असला पाहिजे आणि त्या नंबरचं वाण त्याच तक्त्यात असलं पाहिजे. जुन्या मशीनला हे बंधन नव्हतं, तिथं रकान्यात काहीही लिहिलं तरी चालून जायचं. नवी मशीन म्हणाली, आधी ज्यांची आई सापडत नाही अशा नोंदी निस्तरा, मगच नियम लावीन. अशा नोंदींना आमच्या धंद्यात अनाथ म्हणतात. एरवी एखाद्या कंपनीत दहा-पाच निघतात. आमच्याकडं निघाल्या दोनशे सतरा.

मी त्या उघडून बघितल्या. आईच्या रकान्यात नंबरच्या जागी नावं होती. गयाबाई. कोंडाबाई. शेवंताबाई. रहीमबी. ठकूबाई. खाली खाली जावं तशी अजून नावं.

मला हसू आलं. खरंच हसलो मी, एकटाच खोलीत. नवा प्रोग्रॅम आला की ऑपरेटर मंडळी तो चालतोय का बघायला काहीबाही भरतात. कुणी नट्यांची नावं टाकतं, कुणी साहेबांच्या नावापुढं बैल लिहितं. मला वाटलं, कुण्या कार्ट्यांनी आपापल्या आज्ज्यांची नावं टाकून करमणूक केली. खोट्या नोंदी.

आता माझी आई बी राखणारी बाई. मडक्यात राख घालून, वर कडुलिंबाचा पाला ठेवून. माझ्या बापाला कोणतं बी कुठल्या मडक्यात आहे ते कधी माहीत नव्हतं. हे सगळं बघत मी मोठा झालो, आणि आईच्या रकान्यात बायांची नावं बघून मला करमणूक सुचली! नोकरीत माणसाच्या अकलेला गंज कसा चढतो ते बघा.

नियमाप्रमाणं मी सरांना ईमेल टाकली, "खालील नोंदी चुकीच्या वाटतात, आठ दिवसांत कळवावे." सर ईमेल उघडत नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. त्यांच्या दारावरून मी त्या आठ दिवसांत सोळा वेळा गेलो असेन, जाताना आणि येताना. एकदा थांबून "सर, ही गयाबाई कोण?" एवढं विचारलं असतं तर चार मिनिटं लागली असती. गाडी गाठायची होती, नाहीतर घर गाठायचं होतं. आठ दिवस झाले, अमावस्या आली, आणि मी दोनशे सतरा ओळी पुसल्या. नुसता आईचा रकाना रिकामा करून ओळी ठेवता आल्या असत्या. पण मला टापटीप आवडायची. ओळीच काढल्या, त्यांच्या पाकिटांच्या आणि चाचण्यांच्या नोंदींसकट. नियम लागला, मशीन खूश, त्या महिन्याच्या तिच्या तब्येतीच्या अहवालात सगळं हिरवंगार. साहेबांनी पाठ थोपटली.

काही महिन्यांनी कोल्ड स्टोअरची वार्षिक मोजदाद आली. तिथं मोईनभाई होते, बारीक अंगाचा, फार नेकीचा माणूस. मशीनमधून यादी काढायची आणि मांडणीवरचं एकेक पाकीट त्या यादीशी ताडून बघायचं. मला इंटरकॉमवर म्हणाले, "जाधवसाब, दो-अढाईसौ पाकिटां हैं, मशीन में इनकी एंट्रीच नहीं. नंबर हैं, नाम नहीं. क्या करना?"

मी काहीतरी दुसरं करून राह्यलो होतो. म्हणालो, "जुनी चाचणीबिचणीची असतील मोईनभाई. यादीत नाही ना? काढून टाका."

"एकबार साळवेसाब कू पूछूं क्या?"

"त्यांना कशाला त्रास? मशीन सांगतीय ना."

मोईनभाईंनी नियमाप्रमाणं पाकिटं बाहेर काढली आणि आवारामागच्या खड्ड्यात जाळली. ओळख नसलेलं बी बाहेर जाऊ द्यायचं नाही, जाळायचं, असा कंपनीचा दंडक. त्यांची काडीची चूक नाही. त्यांनी विचारलं होतं, दोनदा.

ओळी पुसल्याला सव्वा वर्ष झालं असेल. एका सकाळी साळवे सर माझ्या खोलीत आले. हातात एक फाइल, चेहरा असा उजळलेला की मी आधी चहाच मागवला. म्हणाले, "जाधव, एक छापील कागद काढून द्या. गयाबाईच्या ज्वारीचा सगळा इतिहास पायजे. कधी आणली, कुठून आणली, किती वर्षांच्या चाचण्या. नोंदणीला टाकून राह्यलोय."

मग त्यांनी समजावलं. कायद्यात शेतकऱ्याच्या स्वतःच्या नावावर वाण नोंदवता येतं. अंकुशनगरच्या अलीकडं एका खेड्यात गयाबाईच्या घरची ज्वारी होती. पोरसवदा पिकाचा पोंगा खाऊन टाकणारी एक माशी असते, खोडमाशी. आजूबाजूची शेतं तिनं सुकवली तरी गयाबाईची ज्वारी ताठ उभी राहायची. सरांनी ते बी आणलं, वर्षानुवर्षं पेरून बघितलं, आणि तिला शब्द दिला होता की ह्या ज्वारीला कंपनीचं नाव लागणार नाही, तुझं लागेल. "माझ्या नोकरीत शंभर वाणांना साहेबांची नावं लागली," सर म्हणाले. "एक तरी जिचं तिच्या नावानं जाऊ द्या. म्हातारी झालीय ती. माझंही काही खरं नाही."

मी गयाबाई हे नाव शोधायला टाकलं, आणि शोधता शोधताच मला आठवलं. पडद्यावर आलं, एकही नोंद नाही.

"कोंडाबाई टाका," सर म्हणाले. नाही. "रहीमबी?" नाही.

"सर," मी म्हणालो, "आईच्या रकान्यात तुम्ही नावं का टाकली होती?"

"मग काय टाकणार? चुलीपाशी मिळालेल्या बियाला आईचा नंबर कुठून आणू? जिनं राखलं, जिनं ओंजळीनं दिलं, तीच त्याची आई. ऑपरेटर पोरगी म्हणाली, सर, रकाना रिकामा सोडू का? मी म्हटलं, आई हाय की तिला. लिही नाव."

मी त्यांना सगळं सांगितलं. ईमेल, अमावस्या, मोईनभाईंचा फोन, खड्डा. सर पाणी प्याले. मग विचारलं, "जुनी नक्कल असंल की?" नक्कल आम्ही नव्वद दिवस ठेवायचो, मग तिच्यावरच नवी चढायची. जुन्या सर्व्हरच्या डिस्कला मी स्वतः ड्रिलनं भोकं पाडली होती, माहिती चोरीला जाऊ नये म्हणून. वह्या रद्दीत. प्रत्येक दाराला मीच कुलूप लावून बसलो होतो. सर शिव्या देतील, फाइल तोंडावर मारतील म्हणून मी वाट बघत होतो. ते फाइल काखेत धरून उठले आणि म्हणाले, "चला. गयाबाईच्या घरी असंल बी. तिच्याकडं असतंच."

मला त्या "असतंच" चा इतका आधार वाटला म्हणून सांगू. कंपनीची जीप घेतली आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. साखर कारखाना सुरू झालेला, रस्त्याला उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या. मी अर्ज घेतला होता, पिशवी घेतली होती, वजनकाटासुद्धा घेतला होता. गाव जवळ आलं तसं मी दोन्हीकडं ज्वारी कुठं दिसते का बघत होतो. दोन्हीकडं ऊस होता.

गयाबाई ओट्यावर बसून लसूण सोलत होती. वाळलेली, पण नजर टोकदार. सरांना बघून पदर सावरत म्हणाली, "या दादा, लई दिसानं. लागलं का मपलं नाव?"

सर तिच्या शेजारी टेकले. "त्याच्यासाठीच आलो बाई. पण आधी जरा बी पायजे. ओंजळभर. घरात आसंल ना?"

"घरात?" ती म्हणाली. "घरात कशाला ऱ्हाईल? पोरांनी सारं रान उसाला दिलं. मी दोन वर्सं मडक्यात ठिवलं व्हतं. मंग म्हन्लं, आपल्या घरात उंदरं, घुशी. तुमच्या तिथं थंडगार खोलीत हाय, मशीनीत लिव्हलेलं हाय, तुमीच सांगितल्तं. मंग कशाला जपत बसू? भाकरी केल्या त्याच्या."

सरांनी डोळे मिटून घेतले. सुनेनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला, त्याला कुणी हात लावला नाही. सर म्हणाले, "बाई, आमची मशीन बिघडली. त्यात ते गेलं."

त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. सरळ मशीनवर घातलं आणि मला सोडवलं. पण मशीनला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. एकवीस वर्षांत माझी कुठलीच मशीन जितकी निरोगी नव्हती तितकी ती त्या दिवशी होती. मी म्हणालो, "मशीन नाही बिघडली, मावशी. मी पुसलं. बी पण माझ्याच सांगण्यावरून जाळलं."

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नव्हे, नवलानं. "काहून?"

"तुमचं नाव दिसलं तिथं. नंबर पाहिजे होता. मला वाटलं, कुणी खोटंच नाव टाकलंय."

"मपलं नाव खोटं?"

मला रडू फुटलं. चाळिशीच्या पुढं मी कुणासमोर रडलो नव्हतो, तिथं परक्या ओट्यावर रडलो. गयाबाईनं लसणाचं सूप बाजूला सारलं. माझी समजूत घातली नाही, आणि तोंड टाकून बोललीही नाही. म्हणाली, "रडून काय व्हतंय? आता तरी बराबर लिव्ह. कागद आनलाय न्हवं?"

मी सरांकडं बघितलं. सरांनी मान हलवली आणि फाइलमधून अर्ज काढून माझ्या हातात दिला. ती सांगत गेली, एकेक शब्द सुटा करून, "गयाबाई किसन ढगे. ढगे लिव्ह हां, ढाकणे न्हाई. ढाकणे ते वरल्या आळीचे." मी लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण ती वाकून पेन कुठं कुठं जातंय ते बघत होती. नाव संपलं. पुढचा रकाना होता, सोबत जोडलेल्या बियाण्याचं वजन. माझा हात तिथं थांबला.

"थांबलास काहून?" गयाबाई म्हणाली. "लिव्ह की फुडं."